‘वाढवणे’ आणि ‘सांभाळणे’ : विकलांग अपत्याच्या पालकाचे कथन

मराठीत अपत्याच्या संदर्भात दोन क्रियापदे नित्य वापरली जातात. मूल ‘वाढवले’ जाते आणि मूल ‘सांभाळले’ जाते. वरवर पाहता ही एकाच कृतीची दोन नावे वाटतात. परंतु त्यांच्या अर्थांत काळासंबंधीचा एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे. ‘वाढवणे’ ही क्रिया पूर्णत्वाकडे जाणारी आहे. मूल मोठे झाले, आपल्या पायांवर उभे राहिले, की वाढवणाऱ्याचे काम संपते. ‘सांभाळणे’ या क्रियेला असा शेवट नाही. ठेव सांभाळतात, आजारी माणूस सांभाळतात, थकलेले आईवडील सांभाळतात. सांभाळणारा किंवा सांभाळला जाणारा यांपैकी एक उरला नाही, की ही क्रिया थांबते. ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. बौद्धिक विकलांगता असलेल्या अपत्याचे आईवडील इतर आईवडिलांप्रमाणेच मूल वाढवायला निघतात, आणि कोणत्या तरी टप्प्यावर त्यांच्या ध्यानात येते, की हे मूल आपल्याला आयुष्यभर सांभाळायचे आहे. या दोन क्रियापदांमधील अंतर हाच अशा पालकांच्या कथनाचा गाभा होय. या अंतराचा त्या कथनांच्या रूपबंधावर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे. विवेचनाचा भर पर्ल बक, क्लारा पार्क आणि केन्झाबुरो ओए या तीन पालक-लेखकांवर असून मराठीतील एक नाटक व एक चित्रपट यांचा विचार त्यांच्या जोडीने केला आहे.

मराठी वाचकाच्या मनात आई आणि मूल यांच्या कथनाचा जो आदर्श नमुना आहे तो ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातील मित्रांना ४२ रात्री आईच्या आठवणी सांगतो. येथे कथनाची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. बोलतो तो मुलगा. जिच्याविषयी बोलायचे ती आई आता नाही. मुलाचे मोठे होणे हीच या कथनाची पूर्वअट आहे. आईने जे पेरले ते उगवले, याचा पुरावा म्हणजे स्वतः निवेदक श्याम. विकलांग अपत्याच्या पालकाच्या कथनात ही दिशा उलटते. बोलावे लागते पालकाला, आणि तेही पेरलेले कसे उगवेल हे ठाऊक नसताना. मूल उद्या निवेदक होऊन आपली साक्ष काढील, ही आशा त्याला धरता येत नाही.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हणही येथे तपासून पाहण्याजोगी आहे. तिचा सर्वमान्य अर्थ कौतुकाचा आहे. पण तिच्यात एक गृहीत आहे. पाळण्यातील मूल म्हणजे उद्याच्या प्रौढ माणसाचे बीज, आणि आजच्या खुणा वाचून उद्याचे भविष्य सांगता येते, हे ते गृहीत. ज्या आईला पाळण्यापाशीच काही वेगळे जाणवते, जिचे मूल वेळेवर मान धरत नाही, हाकेला वळून पाहत नाही, तिच्यावर ही म्हण फार निराळ्या रीतीने येऊन आदळते. ‘म्हातारपणाची काठी’ हा वाक्प्रचारही तसाच. येथे काठी होण्याचे काम म्हाताऱ्या आईवडिलांकडेच राहते. भाषेने तयार ठेवलेले साचे अशा पालकाला एकेक करून निरुपयोगी होतात.

मराठी वाङ्मयपरंपरेत विकलांगता मुळीच आली नाही असे नाही. ‘आंधळा’, ‘पांगुळ’, ‘मुका’, ‘बहिरा’ ही तर संतांच्या रूपकरचनांची आणि एकनाथांच्या भारुडांची परिचित सोंगेच आहेत. पण तेथे पांगळा म्हणजे संसारात अडकलेला जीव, आणि आंधळा म्हणजे आत्मज्ञानाला पारखा झालेला माणूस. रूपकाच्या त्या थोर व्यवस्थेत प्रत्यक्ष पांगळ्या मुलाला सकाळी उठवून अंघोळ कोण घालते, या प्रश्नाला जागा नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षाही करता येणार नाही. पालकाचे कथन सुरू होते ते नेमके त्या अंघोळीपासून. ज्या शब्दांना शतकानुशतके रूपकाची सवय लागली आहे, ते पुन्हा अभिधेवर आणण्याचे काम त्याला करावे लागते. ‘वेडा’ आणि ‘खुळा’ हे बोलीतले शब्द, शाळा व शासन यांनी रूढ केलेला ‘मतिमंद’, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या सुमारास व्यवहारात आलेले ‘दिव्यांग’ व ‘बौद्धिक अक्षमता’ यांतील प्रत्येक शब्द बाहेरून आलेला आहे. घरात मुलाला नावाने हाक मारली जाते. नावाचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

पर्ल बक यांची कन्या कॅरोल हिचा जन्म १९२० मध्ये चीनमध्ये झाला. मूल दिसायला सुंदर, पण बोलणे येईना. बक तिला घेऊन अमेरिकेत एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे गेल्या. प्रत्येकाने आशा ठेवायला सांगितले. अखेर मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये एका डॉक्टरने त्यांना बाजूला गाठून, ही मुलगी कधीही सर्वसामान्य होणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. बक यांनी या माणसाविषयी पुढे कृतज्ञताच व्यक्त केली आहे. १९२९ मध्ये त्यांनी कॅरोलला न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील निवासी शाळेत ठेवले. तेथील आयुष्यभराच्या खर्चाची तरतूद करणे हे त्यांच्या लेखनामागील एक उघड कारण होते.

१९३१ ची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिच्यातील एक दुय्यम वाटणारे पात्र मध्यभागी येते. शेतकरी वांग लुंगची थोरली मुलगी दुष्काळाच्या वर्षी जन्मते आणि तिची बुद्धी कधी वाढत नाही. संपूर्ण कादंबरीत तिला नाव नाही. बाप तिला मायेने वेडी म्हणतो, एवढेच. सुना, नातवंडे, जमीनजुमला यांच्या गर्दीत वांग लुंगला म्हातारपणी सतावणारी चिंता एकच असते : आपल्यामागे हिला कोण पाहील? तो विषाची पुडी आणून आपली तरुण उपपत्नी पेअर ब्लॉसम हिच्या हाती देतो आणि मी गेल्यावर ही तिच्या भातात मिसळ, असे सांगतो. पेअर ब्लॉसम ते करायला नकार देते आणि मुलीला सांभाळण्याचे आपल्या अंगावर घेते. विषाची पुडी आणि सांभाळण्याचे वचन यांमध्ये तिसरा पर्याय त्या समाजात नाही, हे या प्रसंगातून लेखिका कोणतेही भाष्य न करता दाखवते. विशेष म्हणजे हे लिहिले गेले तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी शाळेत होती, आणि ही गोष्ट वाचकांना ठाऊक नव्हती.

ती वाचकांना कळली १९५० मध्ये, ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ या छोट्या पुस्तकातून. ‘कधीच न वाढलेले मूल’ या शीर्षकातच वाढीचा प्रश्न आहे. कादंबरी आणि आत्मकथन यांमधील ही १९ वर्षे अभ्यासकाने नजरेआड करू नयेत. जो अनुभव प्रथमपुरुषी सांगणे अशक्य होते तो आधी एका चिनी शेतकऱ्याच्या, म्हणजे पुरुषाच्या आणि परक्याच्या, तोंडी घालावा लागला. नोबेल पारितोषिक १९३८ मध्ये मिळून गेल्यावरही ‘मी’ म्हणायला आणखी १२ वर्षे लागली. लौकिक प्रतिष्ठेने हे मौन सुटत नाही, हे यावरून दिसते.

कॅरोलचा विकार फेनिलकिटोन्युरिया हा होता. या विकारात अन्नातील एका घटकाचे पचन न झाल्याने तो रक्तात साठून वाढत्या मेंदूला इजा करतो. त्याचा शोध नॉर्वेत आस्ब्यॉर्न फॉलिंग यांना १९३४ मध्ये लागला, आणि तो लागला एका आईच्या चिकाटीमुळे. आपल्या दोन्ही मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक वास का येतो, हे विचारत ती डॉक्टरांकडे जात राहिली होती. १९६० नंतर नवजात बालकाच्या रक्ताची तपासणी करून व आहारावर नियंत्रण ठेवून ही हानी टाळता येऊ लागली. कादंबरीतील बाप मुलीच्या अवस्थेला दुष्काळाला जबाबदार धरतो. प्रत्यक्षातील आईला कादंबरी लिहिताना कारण ठाऊकच नव्हते. कारण न कळणे ही पालकाच्या अनुभवातील एक स्वतंत्र यातना आहे. कारण नसले की दोष शोधला जातो, आणि तो बहुधा आईतच सापडतो.

हा दोष शास्त्राच्या भाषेत कसा मांडला जातो, याचे उदाहरण स्वमग्नतेच्या इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. पुढे आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत मानसोपचाराच्या क्षेत्रात प्रबळ झाले. ब्रूनो बेटलहाइम यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे रिकामा किल्ला, हे या मताचे सर्वांत गाजलेले पुस्तक १९६७ चे. त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’, म्हणजे वेढा, प्रसिद्ध झाले. किल्ल्याची प्रतिमा दोन्हीकडे आहे, हा योगायोगच म्हणावा लागेल. पण तिचा विनियोग परस्परविरुद्ध आहे. एकीकडे आईवडिलांमुळे मूल तटबंदीआड जाते. दुसरीकडे आईवडील त्या तटाबाहेर तळ ठोकून बसतात आणि दरवाजा शोधत राहतात.

पार्क इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापिका होत्या. त्यांच्या लेखनाची शैली आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या, पण आवाज न चढवणाऱ्या माणसाची आहे. मुलीने कोणता शब्द कधी उच्चारला, किती दिवस वापरला व केव्हा टाकून दिला, कोणत्या खेळाला प्रतिसाद दिला, यांच्या नोंदी त्या करतात. वाचकाला प्रथम ही नोंदवही रुक्ष वाटते. हळूहळू लक्षात येते, की ही रुक्षता हीच त्यांची भूमिका आहे. आपण प्रेम केले असे आईने म्हटले तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून ती तपशील पुढे ठेवते. मायेची साक्ष मायेच्या शब्दांत देता येत नाही, अशा कोंडीतून या कथनप्रकाराला एक नवे गद्य मिळाले. भावनेच्या ओघात वाहून जाणाऱ्या आपल्याकडील मातृवर्णनांच्या संदर्भात ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

पहिल्या आवृत्तीत मुलीच्या आयुष्याची आठ वर्षे आहेत. १९८२ च्या आवृत्तीला पार्क यांनी पंधरा वर्षांनंतरची हकिकत जोडली. २००१ मध्ये ‘एक्झिटिंग निर्वाणा’ हे दुसरे पुस्तक लिहिले. पहिल्या पुस्तकात ‘एली’ या नावाने वावरणारी मुलगी दुसऱ्यात ‘जेसी’ या आपल्या घरच्या नावाने येते. तोवर ती चित्रकार म्हणून ओळखली जाऊ लागली होती. कथन संपत नाही, त्याला पुरवणी जोडावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. सांभाळणे चालू आहे तोवर पुस्तकही चालू राहते. मात्र या पुरवण्यांतून दुसरेही काही दिसते : मूल वाढतच नव्हते हे खरे नव्हे. त्याच्या वाढीचे माप निराळे होते, आणि ते माप ओळखायला पालकाला वर्षानुवर्षे लागली.

केन्झाबुरो ओए यांच्याकडे वळताना हे आधी सांगितले पाहिजे, की ते बापाच्या बाजूने लिहितात, आणि बापाची बाजू पळून जाण्यापासून सुरू होते. १९६३ मध्ये त्यांच्या मुलाचा जन्म कवटीतून मेंदूचा भाग बाहेर आलेल्या अवस्थेत झाला. शस्त्रक्रिया केली तरी मूल कायमचे विकलांग राहील, अशी चिन्हे होती. त्याच उन्हाळ्यात ओए हिरोशिमाला गेले. तेथील रेडक्रॉस रुग्णालयात अणुबाँबपीडितांवर वर्षानुवर्षे उपचार करणारे डॉ. शिगेतो यांना ते भेटले. बरे होण्याची खात्री नसतानाही माणसे उपचार करीत राहतात, हे त्यांनी पाहिले. १९६५ च्या ‘हिरोशिमा नोट्स’मध्ये त्याचे चित्रण आहे.

१९६४ मध्ये ओए यांनी या अनुभवावर दोन कृती लिहिल्या आणि दोन्हींत उलट निर्णय घेतले. ‘अ पर्सनल मॅटर’ या कादंबरीचा नायक बर्ड हा शिकवणी वर्गातला २७ वर्षांचा शिक्षक आहे. बाळ आपोआप मरावे अशी त्याची इच्छा असते. बायकोला बाळाची खरी अवस्था कळू न देता तो दारू आणि जुनी मैत्रीण यांच्या आश्रयाला जातो, आफ्रिकेला निघून जाण्याची स्वप्ने पाहतो. शेवटी तो बाळाला परत रुग्णालयात नेतो व शस्त्रक्रियेला संमती देतो. ‘आग्वी’ या कथेतील बापाने मात्र बाळाला दुधाऐवजी साखरपाणी देवववून मरू दिलेले आहे. शवविच्छेदनानंतर कळते, की ती गाठ साधी होती. पुढे त्या बापाला आकाशातून कांगारूएवढे बाळ उतरताना दिसू लागते. ‘आग्वी’ हा त्या बाळाने आयुष्यात उच्चारलेला एकमेव आवाज.

कादंबरीच्या आशादायक शेवटावर जपानमध्ये मिशिमांसारख्या लेखकांनी टीका केली. केवळ कादंबरीपुरते पाहिले तर ती टीका अगदीच अनाठायी नाही. इतक्या अंधारातून आलेला माणूस शेवटच्या काही पानांत इतका सावरतो, हे खटकते. परंतु दोन्ही कृती एकत्र ठेवल्या म्हणजे चित्र बदलते. पालकाच्या मनात दोन्ही शक्यता एकाच वेळी जिवंत असतात, आणि एका कृतीत दोन्हींना न्याय देता येत नव्हता. अपत्याच्या मरणाची इच्छा ही गोष्ट पालकाच्या कथनात सर्वाधिक दडपली जाणारी आहे. बक यांनी ती विषाच्या पुडीत ठेवली. ओए यांनी तिला एक संपूर्ण कथा दिली. यातले धैर्य ओळखल्याशिवाय अशा लेखनाचे मूल्यमापन केवळ करुणेच्या कसोटीवर करणे अपुरे ठरेल.

मुलाचे नाव हिकारी, अर्थ ‘प्रकाश’. माणसांच्या बोलण्याला फारसा प्रतिसाद न देणारा हा मुलगा पक्ष्यांच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका ऐकत असे. सहा वर्षांचा असताना रानात एक पक्षी ओरडला आणि त्याने ध्वनिमुद्रिकेतील निवेदकाच्याच सुरात त्या पक्ष्याचे नाव सांगितले. तेथून तो संगीताकडे गेला. १९९२ मध्ये त्याच्या रचनांची पहिली तबकडी निघाली. या हकिकतीची चमत्कारकथा करणे सोपे आहे, आणि ती अनेकदा केली गेलीही आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग १९८३ च्या ‘राउज अप ओ यंग मेन ऑफ द न्यू एज’ या ग्रंथाच्या शेवटी आहे. त्यात मुलाला ‘ईयोर’ असे टोपणनाव आहे. वसतिगृहातून घरी आलेला ईयोर जेवायला हाक मारली तरी येत नाही. या नावाच्या हाकेला तो आता ओ देणार नसतो. धाकटा भाऊ त्याला खऱ्या नावाने हाक मारतो, आणि तो उठून येतो. बापाने वर्षानुवर्षे साहित्यात वापरलेले नाव मुलगा एका जेवणाच्या वेळी नाकारतो. कथनाचा विषय असलेल्या मुलाने निवेदकाविरुद्ध नोंदवलेला हा आक्षेप आहे, आणि तो निवेदकाने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. १९९४ मध्ये नोबेल मिळाले त्या सुमारास ओए यांनी, मुलाला आता त्याचा आवाज मिळाला आहे, म्हणून आपण कादंबरीलेखन थांबवतो, असे जाहीर केले. हा निश्चय टिकला नाही. १९९९ मध्ये त्यांची पुढची कादंबरी आली.

मराठीत या अनुभवाचा ठळक आविष्कार आत्मकथनापेक्षा रंगभूमीवर झाला, हे जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’वरून म्हणता येते. मध्यमवर्गीय काटदरे पतिपत्नी आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू हा या नाटकाचा केंद्रबिंदू. नाटक या प्रकारामुळे येथे एक मूलभूत फरक पडतो. आत्मकथनात मूल पालकाच्या वाक्यांमधून आपल्यापर्यंत येते. रंगमंचावर ते स्वतः उभे असते. त्याचे शरीर, त्याचा आवाज, त्याची हालचाल प्रेक्षकाला पालकाच्या मध्यस्थीशिवाय दिसते. काटदऱ्यांचा थकवा आणि बच्चूची उपस्थिती यांपैकी कोणाकडे पाहायचे, हे प्रेक्षकाला क्षणोक्षणी ठरवावे लागते. शिवाय एका दिवाणखान्याच्या चौकटीत वाढत्या वयाचा, वाढत्या अंगाचा मुलगा वावरतो, तेव्हा शरीर वाढणे आणि मूल ‘वाढणे’ यांतील फारकत शब्दांवाचून समोर येते. या नाटकात वडिलांचे काम करणारे दिलीप प्रभावळकर हेच पुढे ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात विकलांग नंदू झाले. एकाच नटाने नात्याची दोन्ही टोके उभी करावीत, हा योग अभ्यासकाला उपयोगी आहे. चित्रपटातील नंदूची आई, सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली, मुलाच्या प्रौढपणीही त्याच्या बालपणातच अडकलेली आहे. तिचे आयुष्य ‘सांभाळणे’ या एका क्रियापदात मावते.

कोण कोणाविषयी बोलतो, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. १९७८ मध्ये ‘बलुतं’ प्रसिद्ध झाल्यानंतर दलित स्वकथनांच्या निमित्ताने स्वानुभूती आणि सहानुभूती यांचा वाद पुरेसा झाला आहे. त्या वादातील निकष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. शारीरिक विकलांगता असलेली व्यक्ती स्वतः लिहू शकते. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे याचे उदाहरण होय, आणि तेथे पालकाचा आवाज साहजिकच मागे जातो. ज्याला भाषाच अपुरी आहे त्याच्यासाठी पालक बोलतो तेव्हा तो परक्याच्या अनुभवावर हक्क सांगतो की आपलाच अनुभव मांडतो? दोन्ही गोष्टी तो करीत असतो. सांभाळण्याचा अनुभव निःसंशय त्याचा आहे. मूल असण्याचा अनुभव त्याचा नाही. चांगल्या कथनात ही सीमारेषा दिसत राहते : पार्क यांच्याकडे नोंदींमधून, ओए यांच्याकडे नावाच्या त्या नकारातून. बक यांच्या पुस्तकात ती अनेक ठिकाणी पुसट होते, आणि मूल म्हणजे आईला धडा शिकवण्यासाठी आलेले निमित्त बनते. भाषेचे सौष्ठव असूनही तिघांत ते पुस्तक त्यामुळे उणे वाटते.

राहिला शेवटाचा प्रश्न. आपल्याकडील अशा पालकांच्या तोंडी सतत येणारे वाक्य म्हणजे ‘आमच्यानंतर काय?’ भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली, ती याच प्रश्नाच्या दडपणाखाली. वांग लुंगच्या पुडीला कायद्याने दिलेले ते एक उत्तर आहे. वाङ्मयाला मात्र ते उत्तर देता येत नाही, कारण निवेदकाच्या मृत्यूनंतरचे प्रकरण निवेदक लिहू शकत नाही. पर्ल बक १९७३ मध्ये वारल्या. कॅरोल व्हाइनलँडमध्ये त्यानंतर १९ वर्षे, १९९२ पर्यंत जगली. क्लारा पार्क २०१० मध्ये गेल्या आणि ओए मार्च २०२३ मध्ये. त्यांची ती मुलगी आणि तो मुलगा त्यांच्यामागे राहिले.